रविवारी डेल्टा लूपची बांधणी

सभासदहो,

येत्या रविवारी सकाळी ८ वाजता हॅम रेडिओ क्लबच्या गच्चीवर २० मीटर बँडसाठी (१४ मेगाहर्ट्झच्या आसपासच्या लहरी) तारेचा डेल्टा लूप, म्हणजे त्रिकोणी अँटेना, बांधायचा आहे. ऊन चढण्याआधी तार वर गेली पाहिजे, तेव्हा वेळेवर या.

लांबीचे गणित सोपे आहे: ३०६ भागिले मेगाहर्ट्झ. १४.१५ मेगाहर्ट्झसाठी २१.६ मीटर येतात. तरी तार २२ मीटरच कापा. जास्तीची छाटता येते, कमी पडली तर जोड द्यावा लागतो. लूपचा इम्पीडन्स (एसी प्रवाहाला होणारा विरोध) साधारण १०० ते १२० ओहम असतो, म्हणून ५० ओहमची केबल थेट जोडायची नाही. दोन्ही जुळवायला मध्ये ७५ ओहमच्या केबलचा पाव तरंगलांबीचा तुकडा येईल. साध्या पॉलिथिनच्या केबलला तो ३.५ मीटर लागतो, फोमवाल्या डिश केबलला जास्त.

आणायचे सामान:
- दीड चौरस मिमी तांब्याची वायर
- नायलॉनची दोरी, पक्कड, सोल्डरिंग आयर्न
- असल्यास एसडब्ल्यूआर मीटर (अँटेना केबलशी किती जुळला ते दाखवणारा)

विजेच्या तारांच्या बाजूला दोरी फेकायची नाही. यावर चर्चा नको. ट्रान्समिट फक्त परवानाधारक करतील, बाकीच्यांनी ऐकावे. ढग गडगडले तर काम बंद.

येणाऱ्यांनी शुक्रवारपर्यंत सचिवांना कळवावे. पोह्यांचा अंदाज दरवेळी चुकतो.