पेनाला टोपण लावून वाचणाऱ्या बाईंना

आदरणीय बाई,

सा. न. वि. वि.

निफाडच्या आपल्या मुलीला अमेरिकेतल्या कॉलेजचं प्रवेशपत्र आलं. पेढे तिचे वडील स्वतः घेऊन येणार आहेत, पण कॉलेजात परदेशी प्रवेशाचं काम बघणाऱ्या आम्हा मंडळींना तोवर दम धरवेना, म्हणून हे पत्र. अर्जासोबतचा तिचा इंग्रजी निबंध तुम्ही वाचलात म्हणून प्रवेश झाला असं म्हटलं तर तुम्ही रागवाल, आणि ते खरंही नाही. मार्क, शिफारसपत्रं, पैशाचं गणित, तिथले लोक सगळंच बघतात. आभार आहेत ते तो निबंध तिचा राहिला याबद्दल.

तुमच्याकडे येण्याआधी तिचं काय झालं होतं ते तुम्हाला माहीत आहे. एका क्लासने ‘निबंध तीन दिवसांत’ असं पॅकेज विकलं. इंग्रजी गुळगुळीत, त्यात गारपीट, वडिलांचे अश्रू आणि शेवटी शेतकऱ्यांसाठी ॲप काढण्याचा संकल्प. मुलगी निफाडची की तासगावची, हेसुद्धा त्यातून कळत नव्हतं. मग दुसऱ्या एका तज्ज्ञांनी तोच ड्राफ्ट महिनोन्‌महिने घासला, आणि दर फेरीला तिचा एकेक शब्द गळत गेला. एकाने वेळच दिला नाही, दुसऱ्याने नको तितका घेतला. फी मात्र दोघांनीही आगाऊ घेतली.

तुम्ही कागद हातात घेतलात आणि आधी पेनाला टोपण लावून ते बाजूला ठेवलंत. बाई, ही एवढीशी गोष्ट आम्हाला अजून पुरती पचलेली नाही. तिच्या ड्राफ्टला हात लावणाऱ्या प्रत्येकाच्या हातात तोवर लाल पेन होतं, आमच्याही. तुम्ही दोनदा वाचलंत आणि एका पोटवाक्यावर नुसतं बोट ठेवलंत. पानांवरचं दव किती वाजता सुकलं ते ती रोज फवारणीच्या वहीत लिहायची, असं त्या वाक्यात ओझरतं आलं होतं. ‘सुकलं हे कसं ठरवायचीस गं?’ एवढंच विचारलंत. वहीच्या कागदाचा कपटा पानाला लावायचा, ओला डाग उमटला तर अजून थांबायचं, असं ती म्हणाली. पान जितका वेळ ओलं, तितकी डाऊनीची, म्हणजे द्राक्षावरच्या बुरशीरोगाची, भीती जास्त, हेही तिनेच सांगितलं. संख्याशास्त्र शिकायला निघालेल्या मुलीचा निबंध त्या कपट्यात होता. तो कुणालाच दिसला नव्हता, कारण तिला कुणी बोलूच दिलं नव्हतं.

निबंधाला किती वेळ द्यायचा, हे पालक आम्हाला वर्षभर विचारतात. तुमच्या पद्धतीवरून आता आम्ही ठाम सांगतो: कॉमन ॲपच्या, म्हणजे अमेरिकेतल्या अनेक कॉलेजांना चालणाऱ्या एकाच ऑनलाइन अर्जाच्या, मुख्य निबंधाला एकूण पंधरा ते वीस तास, पण ते पाच-सहा आठवड्यांत पसरलेले. सलग वीस तास बसून काहीही हाती लागत नाही. विषय सापडायलाच त्यातले चार-पाच तास जातात, तेही अर्ध्या अर्ध्या तासाने. या टप्प्यावर मुलाने लिहू नये. मराठीत बोलावं, फोनवर रेकॉर्ड करावं, आणि ऐकताना स्वतःलाच जिथे मजा वाटली तिथे खूण करावी. पहिला ड्राफ्ट एका बैठकीत, दीड-दोन तासांत, आठ-नऊशे शब्द झाले तरी होऊ द्यावा. मग दोन-तीन दिवस तोंड बघायचं नाही त्याचं. दुसरा ड्राफ्ट म्हणजे डागडुजी नव्हे. पहिल्यातले दोन परिच्छेद ठेवून बाकीचं नव्याने लिहायचं, त्याला तीन-चार तास लागतात. कापाकापीला आणखी दोन-तीन. मर्यादा २५० ते ६५० शब्दांची, ६५१वा शब्द फॉर्म घेत नाही. द्राक्षाच्या घडाची विरळणी करताना चांगले मणीही काढावे लागतात, तसं इथे चांगली वाक्यंही जातात, आणि तिथेच मुलं अडतात. उरलेला वेळ मोठ्याने वाचण्यात आणि स्पेलिंग तपासण्यात. वाचक दोन, फार तर तीन. चौथ्याकडे कागद गेला की निबंध कमिटीचा होतो.

थांबायचं कधी, हेही तुम्हीच दाखवलंत. आज बदललेला शब्द उद्या पुन्हा पूर्वीसारखा करावासा वाटला की संपलं काम. पाच-सहा ड्राफ्टांत हे होतंच. त्यापुढे चाललेली खटपट म्हणजे पालकांची धास्ती असते, निबंधाला तिचा काही उपयोग नाही.

नाशिकच्या मुलांचं गणित बिघडतं ते कॅलेंडरवर. कॉमन ॲप १ ऑगस्टला उघडतं, मग सगळ्यांना वाटतं की काम तेव्हा सुरू करायचं. पुढे गणपती, नवरात्र, बारावीची सहामाही, आणि लवकरच्या फेरीची १ नोव्हेंबर ही तारीख दिवाळीच्या आगेमागे. द्राक्षवाल्या घरात त्याच सुमारास गोडी छाटणी आणि फवारण्या, घरात बोलायला माणूस सापडत नाही. खरं तर प्रश्न वर्षानुवर्षं जवळपास तेच असतात. विषय शोधायचं काम मे महिन्याच्या सुट्टीत होऊन जायला हवं.

आणि मुख्य निबंधावर सगळा जोर संपवला तर पुढचं अंगावर येतं. ‘आमचंच कॉलेज का’ हा दोन-अडीचशे शब्दांचा जोडनिबंध प्रत्येकी दोन-तीन तास खातो, त्यातला निम्मा वेळ त्या विभागाचे विषय वाचण्यात जातो. आठ कॉलेजं असतील तर हीच बेरीज मुख्य निबंधाच्या पुढे जाते. शेवटच्या रात्री एकाचा मजकूर दुसऱ्याला चिकटवला की पहिल्या कॉलेजचं नाव तसंच राहतं. कॉमन ॲपमधले दहा उपक्रमांचे रकाने, प्रत्येकी १५० अक्षरांचे, त्यांनाही दोन संध्याकाळी द्याव्यात. कॅलिफोर्निया विद्यापीठाची तऱ्हा वेगळी: आठातले चार प्रश्न, प्रत्येकी ३५० शब्द. इंग्लंडला तर आत्मकथा नकोच असते. २०२६च्या प्रवेशापासून तिथे तीन प्रश्न आहेत, मिळून ४००० अक्षरं, आणि भर विषयाच्या अभ्यासावर. आठ-दहा तास पुरतात, पण ऑक्सफर्ड-केंब्रिजची तारीख १५ ऑक्टोबर, हे विसरून चालत नाही.

बाई, तुम्ही एक पैसा घेतला नाहीत. त्याहून मोठं म्हणजे तिच्या वाक्यात स्वतःचं एकही वाक्य घुसडलं नाहीत. चाळीस वर्षं इंग्रजी शिकवलेल्या माणसाला ते किती जड गेलं असेल! मदत करणारे पुष्कळ भेटतात, पण बहुतेकांना आपल्या मदतीची खूण मागे ठेवायची असते. आपल्या गावात मात्र तुमच्यासारखी माणसं अजून आहेत. सार्वजनिक वाचनालयात एखाद्या पोराला हवं ते पुस्तक कपाटातून काढून देतात आणि नावही न विचारता आपल्या वर्तमानपत्राकडे वळतात. यांच्या नावाचे फलक लागत नाहीत. त्यांनाही ते नको असतात म्हणा.

एक विनंती आहे. पुढच्या बॅचची चार मुलं मे महिन्यात तुमच्याकडे पाठवली तर चालतील का? ड्राफ्ट नसेल, नुसती बोलायला येतील. वेळ तुम्ही सांगाल ती, फक्त सकाळची नको, त्यांचे सीईटीचे क्लास असतात.

आपली,
कॉलेजातली मंडळी
नाशिक