मागच्या खोलीबद्दल

लंडन, रविवार रात्र

तीर्थरूप आई-बाबांना शिरसाष्टांग नमस्कार.

पत्र बघून घाबरू नका. माझी तब्येत चांगली आहे, नोकरी ठीक चालली आहे. फोनवर बोलायला बसलं की तुम्ही स्पीकर लावता, मध्येच कुकरची शिट्टी होते, दारात कुणीतरी येतं, आणि सांगायचं ते राहून जातं. हे मात्र राहू द्यायचं नाही, म्हणून लिहिते आहे. बाबा, तुम्ही मोठ्यानं वाचा. आईला डोळ्यांना ताण नको.

गेल्या रविवारी आई सांगत होती की मागच्या खोलीसाठी एक मुलगी येऊन गेली. गारगोटीकडची, दवाखान्यात नर्स, रात्रपाळी असते म्हणून जवळपास खोली हवी होती. तिला खोली आवडली, भाडं कबूल झालं, डिपॉझिटचे पैसे पर्समध्येच होते. मग आईनं नाव विचारलं. मुलगी मुसलमान निघाली आणि आई म्हणाली, "आत्ताच ठरली बघ बाळ खोली, तासाभरापूर्वी." बाबा, मागून तुमचा आवाज आला, "नसती कटकट नको." मी नुसतं "हं" म्हटलं आणि फोन ठेवला. त्या "हं"ची मला आठवडाभर लाज वाटते आहे.

"आत्ताच ठरली" हे वाक्य मी ऐकलेलं आहे, इंग्रजीतनं. तुम्हाला कधी सांगितलं नाही.

२०१७ साली इथं आले तेव्हा पहिले तीन महिने हॉस्पिटलच्या क्वार्टर्समध्ये होते, ते तुम्हाला ठाऊक आहे. पुढं स्वतःची खोली शोधायची होती. एका बाईंना फोन केला, त्या म्हणाल्या, रिकामी आहे, संध्याकाळी या. ड्युटी संपवून, दोन बस बदलून गेले. दार उघडलं, बाईंनी माझ्या तोंडाकडं पाहिलं आणि म्हणाल्या, माफ करा, आत्ताच कुणीतरी घेतली. मी "काही हरकत नाही" म्हणून परत फिरले. बसस्टॉपवर पाऊस होता. मला खरंच वाटलं की माझं नशीब खोटं. दुसऱ्या दिवशी वॉर्डात सांगितलं तर एका गोऱ्या सहकारी मुलीनं तिथल्या तिथं तोच नंबर फिरवला. खोली रिकामीच होती, तिला दुपारी बघायला बोलावलं. तिनं फोन ठेवला आणि ती रडायला लागली. मी नाही रडले. हे वाक्य याआधी कुठं ऐकलंय एवढंच आठवत उभी राहिले.

मी नववीत होते. मागच्या खोलीत तेव्हाही भाडेकरू ठेवायचो आपण. माझ्या वर्गातल्या मुलीची मोठी बहीण शिवाजी विद्यापीठात शिकायला आली होती, तिच्यासाठी त्या दोघी बघायला आल्या. आई, तू त्यांना सोप्यात बसवलंस, पाणी दिलंस, चौकशी केलीस. आडनाव ऐकलंस आणि म्हणालीस, "अगो, आत्ताच ठरली की खोली." त्या गेल्यावर तू ते दोन ग्लास आत न नेता परसात नळाखाली वेगळे ठेवलेस. मी बघत होते. दुसऱ्या दिवशी शाळेत ती माझ्याशेजारीच बसली, डब्यातलं थालीपीठही मला दिलं, खोलीचा विषय तिनं काढला नाही. तिला सगळं कळलं होतं हे मला त्या बसस्टॉपवर कळलं. मधल्या इतक्या वर्षांत मला ते कळायची गरजच पडली नव्हती.

आई, वाईट वाटून घेऊ नकोस. माझ्या तापात रात्रभर पट्ट्या बदलणारी तूच, आणि ते ग्लास बाजूला ठेवणारीही तूच. मला दोन्ही आठवतं.

वॉर्डातलंही सांगते. एक आजोबा होते, साधारण बाबांच्याच वयाचे, पायाला मोठी जखम. ड्रेसिंगची ट्रॉली घेऊन गेले तर पाय मागं घेतला आणि म्हणाले, "तू हात लावू नकोस, इथली नर्स पाठव." मी ग्लोव्ह्ज घातलेले होते. तरीही. मला वाटलं, माझे हात कुठंतरी लपवावेत. आमच्या सिस्टर घानाच्या आहेत, तीस वर्षं याच कामात. त्या येऊन पलंगाशी उभ्या राहिल्या आणि शांतपणे म्हणाल्या, आज ड्रेसिंग हीच करणार, नको असेल तर तसं लिहून द्या. २०२० पासून इथं नियमच झाला आहे की जीव धोक्यात नसेल आणि पेशंट असा वागत असेल, तर उपचार थांबवता येतात. आजोबा गप्प झाले. मी ड्रेसिंग केलं, नीट केलं, आठ दिवस केलं. शेवटच्या दिवशी ते "थँक्यू" म्हणाले की नाही हे मला आता आठवत नाही, आणि त्याचं मला काही वाटतही नाही. सिस्टर उभ्या राहिल्या ते मात्र विसरता येत नाही.

तुम्हाला वाटेल, मग तिथं राहतेसच कशाला, ये परत. पण हे शहर एवढंच नाही. इथं दहातली चार माणसं दुसऱ्या देशात जन्मलेली आहेत. माझ्या मजल्यावर पोलंडची बाई आहे, सोमालियाचं कुटुंब आहे, खाली केरळच्या दोन मुली आहेत, ओणमला त्या पायसम आणून देतात. पुण्यात ट्रेनिंगला असताना मी "जेवलो", "आलो" म्हटलं की मुली हसायच्या, पुरुषासारखं बोलते म्हणून. इथं माझ्या बोलण्याला कुणी हसत नाही, सगळेच कुठली ना कुठली भाषा मोडून बोलतात. चांगलं वाटतं. आणि त्याच रस्त्यावर एखादा दिवस असा येतो की गाडीतनं कुणीतरी शिवी देऊन जातं.

आता एक गोष्ट माझीच, तीही लपवलेली. शेवटी मला खोली मिळाली ती एका भारतीय मालकाकडं. त्यांनी रंग पाहिला नाही. पूर्ण नाव विचारलं, मग गाव, मग वडील काय करतात, आणि मग हसून म्हणाले, "आपल्यातलेच की." मी खूश होऊन सामान टाकलं. वर्षभरानं शेजारची खोली रिकामी झाली. आमच्या हॉस्पिटलमधली नागपूरची मुलगी मी स्वतः घेऊन गेले. तिलाही नाव विचारलं. ती कोर्समध्ये, ओळखपत्रावर सगळीकडं आडनावाशिवाय वावरते, तेव्हा मला त्याचं कारण कळलं नव्हतं. मालक म्हणाले, खोली द्यायची नाही, पाहुणे येणार आहेत. मी गप्प बसले, आणि आणखी सात महिने त्याच घरात राहिले. ती त्यानंतर माझ्याशी बोलते, पण कामापुरतं.

इथं १९६८ साली कायदा झाला, रंगावरून घर नाकारता येत नाही. त्याआधी खिडकीत पाट्या लावत, काळ्यांना आणि आयरिश लोकांना खोली मिळणार नाही म्हणून. पण जातीचं काय? २०१३ साली इथल्या संसदेनं ठरवलं की भेदभावाच्या कायद्यात जातही घालायची. २०१८ साली सरकारनं सांगितलं, घालणार नाही. म्हणजे त्या बाईंच्या विरोधात मी सरळ तक्रार करू शकत होते, माझ्या मैत्रिणीला आपल्या मालकाविरुद्ध तसं सरळ कलम नाही. आपण बोटभर कुंकू आणि लोणच्याची बरणी तेवढी बरोबर आणली नाही, हेही सामानात घालून आणलं.

बाबा, आता तुमच्याशी बोलते. दर २६ जूनला तुम्ही मला सायकलवर पुढं बसवून दसरा चौकात न्यायचात. शाहू महाराजांच्या पुतळ्याला हार घालून झाला की चौकाभोवतीची बोर्डिंगं बोटानं दाखवायचात. ही लिंगायतांची, ही मुसलमानांची. १९०१ ला मराठा बोर्डिंग निघालं, १९०६ ला मुस्लिम, १९०८ ला अस्पृश्य मुलांसाठी मिस क्लार्क. मी तोंडपाठ म्हणायची आणि तुम्ही शेजारच्या माणसाकडं अभिमानानं बघायचात. आजोबा भुदरगडातनं पायी आले आणि बोर्डिंगात राहिले म्हणून शिकले, नाहीतर आपण अजून शेतावर मजुरी केली असती, हे तुम्हीच सांगितलंत. खेड्यातल्या पोरांना कोल्हापुरात कुणी खोली देत नव्हतं, जेवायला पंगतीला घेत नव्हतं, म्हणून महाराजांना छप्पर घालावं लागलं. हे सगळं खोलीचंच आहे, बाबा.

आणि गंगाराम कांबळेंच्या हॉटेलची गोष्ट. पाण्याला शिवले म्हणून मार खाल्लेल्या माणसाला महाराजांनी भाऊसिंगजी रोडवर हॉटेल काढून दिलं, आणि फिरायला जाताना गाडी थांबवून तिथं स्वतः चहा प्यायचे, बरोबरच्यांनाही पाजायचे. मी विचारलं होतं, "आपण प्यायलो असतो का?" तुम्ही म्हणालात, "म्हणजे काय!" मी तुमच्यावर विश्वास ठेवला. अजूनही ठेवते, म्हणून हे लिहिते आहे.

मागच्या महिन्यात सुट्टी होती तेव्हा किंग हेन्रीज रोडवरचं दहा नंबरचं घर बघून आले. शिकत असताना, १९२१-२२ च्या सुमारास, बाबासाहेब तिथं राहत होते. आता महाराष्ट्र सरकारनं ते विकत घेतलंय, आत त्यांची खोली मांडून ठेवली आहे. मी बराच वेळ दारात उभी होते. याच माणसाला १९१७ साली बडोद्यात राहायला खोली मिळाली नव्हती. अमेरिकेत शिकून आलेला माणूस, संस्थानचा नोकर, आणि पारशी धर्मशाळेत नाव बदलून राहिला. कळल्यावर लोक काठ्या घेऊन आले आणि त्याला बाहेर काढलं, कामाठी बागेत झाडाखाली बसून रडायची वेळ आणली. मग १९२० ला माणगावच्या परिषदेत महाराजांनी जमलेल्या अस्पृश्य समाजाला सांगितलं की हा तुमचा पुढारी. माणगाव आपल्यापासून किती लांब? एसटीनं तासभर. आणि मागासलेल्या जातींसाठी नोकरीत पन्नास टक्के जागा ठेवायचा महाराजांचा हुकूम २६ जुलै १९०२ ला निघाला तेव्हा महाराज इंग्लंडातच होते, सातव्या एडवर्डच्या राज्याभिषेकासाठी आलेले. मी त्या घरातून बाहेर पडले तेव्हा पहिल्यांदा मला इथं परकं वाटलं नाही. आणि पुढच्याच रविवारी आईनं त्या मुलीचं सांगितलं.

२०२४ चा ऑगस्ट आठवतोय? जुलैच्या शेवटी साउथपोर्टमध्ये लहान मुलींवर हल्ला झाला, कुणीतरी अफवा उठवली की हल्लेखोर मुसलमान निर्वासित आहे, आणि देशभर दंगली झाल्या. मशिदीवर दगड पडले, निर्वासितांच्या हॉटेलला आग लावली. सुंदरलंडला ड्युटीवर निघालेल्या फिलिपाइन्सच्या दोन नर्सेसच्या गाडीवर दगड मारले. तुम्ही दिवसातनं चारदा फोन करत होतात, बाहेर पडू नको म्हणून. मी युनिफॉर्मवर लांब कोट घालून जात होते. ७ ऑगस्टला वॉल्थमस्टोच्या रस्त्यावर हजारो लोक दंगलखोरांना अडवायला उतरले. आमच्या सिस्टर ड्युटी संपवून तिथं गेल्या होत्या. मी टीव्हीवर बघत होते आणि मला वाटलं, माझ्यासाठी हे उतरलेत.

त्या दंगली सुरू व्हायच्या दोन-अडीच आठवडे आधी, १४ जुलैला, आपल्याकडं विशाळगडाच्या पायथ्याशी गजापुरात घरं फोडली, मशीद फोडली. त्या दिवशी मी तुम्हाला फोन केला तेव्हा तुम्ही म्हणालात, "आपल्याकडं काही नाही, शांत आहे." खरं होतं, आपल्या गल्लीत शांत होतं. पण गजापुरातल्या एखाद्या मुलीचे आई-बाबासुद्धा तिला चारदा फोन करत असतील. गारगोटीच्या त्या नर्सला तिचे वडील काय सांगत असतील? की रात्रपाळीहून एकटी येऊ नको, जवळ खोली बघ?

तिचा नंबर आईच्या फोनमध्ये असेलच. आई, तू तिला फोन कर. ठरलेलं मोडलं म्हणून सांग, किंवा खरं सांग. खरं सांगितलंस तर मला जास्त आवडेल, पण तुला जमेल तसं कर. गल्लीत कोण काय म्हणेल ते मला माहीत आहे. समोरच्या काकू दोन दिवस बोलतील. त्यांना सांगा, आमची पोरगी परमुलखात रात्रपाळी करते, तिला कुणीतरी खोली दिलीच ना.

मीही नागपूरच्या मैत्रिणीला भेटायला जाणार आहे. तिची माफी मागायची आहे, ती काय म्हणेल माहीत नाही.

मागच्या खोलीचा नळ गळतो, प्लंबरला बोलवून घ्या. खिडकीला आतून कडी बसवा, रात्रपाळीच्या माणसाला दिवसा झोपायचं असतं, तर गडद पडदाही लागेल. पैसे पाठवले आहेत. मी दिवाळीला येते आहे. त्या खोलीत माझं कपाट आहे ते माडीवर चढवा आणि माझी गादीही तिथंच टाका. ती रात्रपाळीहून आली की सकाळचा चहा आम्ही दोघी बरोबर घेऊ.

तुमची लाडकी,
ताई