शेवाळाचं खत? मग उजनीला या!

मा. संपादक,
स. न. वि. वि.

मैलापाण्यावर सूक्ष्म शेवाळ वाढवून त्याचं खत करण्याबद्दलचा आपला रविवारचा लेख वाचला. फोटोतल्या काचेच्या नळ्या फार देखण्या होत्या. पण एवढा खर्च कशाला? उजनीच्या फुगवट्यावर या. पुणे-पिंपरीकडच्या मैल्यावर इथे वर्षानुवर्षं फुकटात शेवाळ पिकतंय.

गेल्या एप्रिलात पाणी पोपटी ऑइलपेंट सांडल्यागत झालं होतं. माझ्या उसाला ठिबक आहे. जाळीचा फिल्टर दर अर्ध्या तासाला उघडून धुवायचा, मोटारीचा फुटबॉल (पाण्यातल्या पाइपाच्या तोंडाची झडप) चोंदायचा तो वेगळाच. शेवटी टोकाकडचे ड्रीपर बंद पडले आणि चार सऱ्यांतल्या उसाने माना टाकल्या. फिल्टरमधून निघालेला हिरवा लगदा मी मेथीच्या वाफ्यात पसरला, आपला लेख यायच्या वर्षभर आधी! दोन दिवसांत त्याची पापडासारखी खपली झाली, आणि वास असा की कुत्रंही तिकडे फिरकेना. खपली फोडून मातीत मिसळली. मेथी काळीभोर आली, खोटं कशाला बोलू. पण घरात कुणी तोंडाला लावली नाही. “हे पाणी कुठनं येतं ठाऊक आहे ना?” एवढंच मंडळी म्हणाली. म्हशीपुढे टाकायचाही धीर झाला नाही.

तेव्हा शेवाळात नत्र-स्फुरद असतं हे मला शिकवायला नको. भाताच्या खाचरात निळं-हिरवं शेवाळ सोडतात, तेही काही आजचं नाही. घोडं पेंड खातं ते शेवाळ पाण्यातून बाहेर काढताना, आणि त्यावर लेखात एक ओळ नाही. तळ्यातल्या हजार लिटर पाण्यात वाळलेलं शेवाळ भरतं साधारण अर्धा किलो. त्यात नत्र सात-आठ टक्के धरा. युरियाच्या ४५ किलोच्या गोणीत नत्र २० किलोच्या वर. म्हणजे एका गोणीची बरोबरी करायला साडेपाच लाख लिटर पाणी गाळत बसायचं! गोणी मिळते २६६ रुपयांना. शिवाय मैलापाण्यात कारखान्यांचं पाणी मिसळलं असेल, तर शेवाळ शिसं-कॅडमियमही अंगात ओढून घेतं. ते कोण तपासणार, मी?

माझा विरोध नाही. पण ही तळी शहरांनी आपल्या हद्दीत करावीत, पाणी नदीत सोडायच्या आधी. खत काढा, तुमच्या बागांना घाला. आम्हाला नुसतं पाणी पाठवा.

आणि हो, २६६ रुपये म्हणालो खरा, पण तो गोणीवर छापलेला भाव. यंदा आमच्या दुकानदाराने दोन गोण्यांमागे एक बाटली गळ्यात मारली, ४५० रुपयांची. बाटली नको म्हटलं की युरिया संपलेला असतो. लेबलावर काय, तर ‘समुद्री शेवाळाचा अर्क’. अजून मोटारीच्या खोलीत तशीच पडून आहे. या लिंकिंगवर कधी लेख छापणार असाल तर कळवा, बाटलीचा फोटो मी पाठवतो. काचेच्या नळ्यांइतका देखणा येणार नाही.

आपला,
एक ऊस उत्पादक, ता. इंदापूर