सिनेमा न बघताच शिव्या कशाला?

संपादक साहेब, नमस्कार,

सध्या सांगलीत एका राजकारणावरच्या कॉमेडी सिनेमावरून जो वाद चाललाय तो बघून राहवलं नाही म्हणून लिहितोय. मी रविवारी बघून आलो, पहिला अर्धा भाग मस्त आहे, प्रचारसभेच्या सीनला तर सगळं थिएटर हसत होतं, पुढच्या रांगेत दोन वेगवेगळ्या पक्षांचे कार्यकर्ते होते ते पण हसत होते. नंतर मात्र सिनेमा लांबलाय आणि बायकांवरचे दोन-तीन विनोद मला अजिबात पटले नाहीत, ते म्हणायलाच पाहिजे.

पण आमच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर ज्यांनी ट्रेलर पण पूर्ण बघितला नाही तेच बंदी घाला म्हणतायत, आणि दुसरी बाजू पण तशीच, आपल्या विरोधकाची टिंगल केली म्हणून न बघताच डोक्यावर घेतलाय. अरे आधी बघा तरी!

आणीबाणीत 'किस्सा कुर्सी का' ह्या राजकारणाची टिंगल करणाऱ्या सिनेमाच्या प्रिंट जाळल्या, तरी त्याचे दिग्दर्शक अमृत नाहाटांनी तोच सिनेमा पुन्हा बनवलाच की. 1989 मध्ये सुप्रीम कोर्टाने पण सांगितलंय की निदर्शनांच्या, मारामारीच्या धमक्या येतात म्हणून सिनेमा थांबवता येणार नाही, बंदोबस्त देणं सरकारचं काम आहे.

1843 साली विष्णुदास भाव्यांनी 'सीता स्वयंवर' केलं ते ह्याच सांगलीत, आपल्याला नाट्यपंढरी म्हणतात. इथल्या प्रेक्षकानं तिकीट काढून, बघून मग काय ती टीका करावी, एवढीच कळकळीची विनंती आहे.

– एक प्रेक्षक, विश्रामबाग, सांगली