विषय: ‘6:42 ची गाडी नव्हतीच’ असं सांगून नाकारलेली नुकसानभरपाई

प्रति,
व्यवस्थापक, ग्राहक-तक्रार विभाग

इंग्रजीत तीनदा लिहून झालं. तिन्ही वेळा एकच छापील उत्तर आलं, फक्त वरची तारीख वेगळी. इंग्रजीखेरीज दुसऱ्या भाषेतली तक्रारही आम्ही घेऊ, असं तुमच्याच नियमावलीत लिहिलंय. म्हणून हे चौथं पत्र मराठीत लिहिते आहे. रागावले की मला मराठीतच नीट बोलता येतं, आणि आज दुपारी तुमच्या हेल्पलाइनवर एकेचाळीस मिनिटं घालवल्यावर मी भयंकर रागावले आहे.

रविवारी संध्याकाळी बर्फ सुरू झाला. साडेआठला मी ॲपवर पाहिलं, सोमवारची 6:42 जागेवर होती. पावणेपाचला उठायचं असतं म्हणून नऊला झोपले. त्यानंतर, 9:40 ला, तुम्ही सोमवारचं नवं वेळापत्रक टाकलंत आणि त्यातून निम्म्या गाड्या काढल्यात. पहाटे ॲप उघडायला गेले तर नुसतं चक्र फिरत राहिलं. बस बंद होत्या. पायवाटेवरचा बर्फ रात्रीत दाबून काचेसारखा झाला होता, त्यावरून कुंपणं धरत धरत स्टेशन गाठलं आणि 6:31 ला स्मार्टकार्ड टेकवलं. ही वेळ तुमच्याच यंत्राने नोंदवली आहे. मी सांगते म्हणून मानू नका, तुमची नोंद काढून बघा.

फलाटावर कळलं की पहिली गाडी 7:12. ती 7:35 ला आली. आठ वाजून गेल्यावर दोन स्टेशनांच्या मधे थांबली ती साडेदहापर्यंत. लंडन ब्रिज स्टेशनला उतरले तेव्हा 11:05 झाले होते. माझी पाळी आठला सुरू होते.

गाडी का थांबली ते मला समजावू नका, आणि मी तुम्हाला समजावत नाही. 750 व्होल्टचा तिसरा रूळ जमिनीलगत उघडा पडलेला असतो, त्यावर बर्फाचा पापुद्रा धरला की गाडीखालच्या बुटाला, म्हणजे त्या रुळावर घासत वीज घेणाऱ्या भागाला, वीज मिळत नाही. मी खिडकीशी बसले होते. गाडी पुढे सरकायचा प्रयत्न करायची तेव्हा खालून निळा लखलखाट व्हायचा, शेजारचा बर्फ क्षणभर निळा दिसायचा, आणि पुन्हा सगळं गप्प. हे सात-आठ वेळा झालं. मग हीटरही थंड पडला. त्याच्या जाळीवर मी ओले हातमोजे वाळत घातले होते, ते निघताना घातले होते तेव्हापेक्षा गार होते. समोर एक गरोदर बाई होती. तिला बसायला जागा मिळाली ती प्रवाशांमुळे. तुमच्याकडून अडीच तासांत दोन घोषणा झाल्या, आणि दोन्हीत ‘थोड्याच वेळात’ हे शब्द होते.

इथवरचं मी सोडून दिलं असतं, हे मनापासून सांगते. मी डोंबिवलीत वाढले. 26 जुलै 2005 ला आमच्या घरातली दोन माणसं दुसऱ्या दिवशी दुपारी चालत घरी पोचली होती. हवामानापुढे माणसाचं चालत नाही, हे मला कुणी शिकवायला नको.

पण आजचा फोन मी सोडणार नाही. तो जसा झाला तसा लिहिते, कारण ही संभाषणं ‘दर्जा सुधारण्यासाठी’ तुम्ही ध्वनिमुद्रित करता. हेही काढून ऐका.

तुमचा माणूस म्हणाला, “तुम्ही 6:42 साठी दावा केलाय. त्या दिवशी 6:42 ची गाडी नव्हती.”

मी म्हटलं, “नव्हती म्हणजे रद्द झाली.”

“रद्द नाही झाली, मॅडम. रद्द व्हायला ती वेळापत्रकात असावी लागते. ती नव्हतीच.”

“मी त्याच गाडीसाठी 6:31 ला फलाटावर उभी होते.”

“आमच्या दृष्टीने तुम्ही 7:12 साठी लवकर आला होतात.”

लवकर! पावणेपाचला उठून, गोठलेल्या वाटेवरून पंचवीस मिनिटं चालत आलेल्या बाईला तुमचा माणूस म्हणतो, तुम्ही लवकर आलात. तरी मी आवाज चढवला नाही. म्हटलं, ठीक आहे, 7:12 धरा. तिनेही मला तीन तास उशिराच पोचवलं. तर म्हणाला, एका प्रवासाला एकच दावा. तो नाकारला गेलाय. दुसरा केलात तर दुबार दावा म्हणून नोंद होईल आणि तो फसवणूक-तपासणीकडे जाऊ शकतो.

फसवणूक हा शब्द त्याने वापरला. मी नाही.

आणि शेवटी, “गरज असेल तरच प्रवास करा, असं आम्ही कळवलं होतं. तुमचा प्रवास गरजेचा होता का?”

मी हॉस्पिटलच्या लॅबमध्ये रक्त जुळवते. शस्त्रक्रियेच्या टेबलावरच्या माणसाला कोणती पिशवी द्यायची ते आमच्याकडून ठरतं. हे मी त्याला सांगितलं. तो म्हणाला, “असेल. पण निघायचा निर्णय तुमचा होता.”

मी पोचेपर्यंत रात्रपाळीची मैत्रीण जागची हलू शकत नव्हती. बारा तासांवर आणखी साडेतीन तास ती थांबली. बर्फामुळे तिच्या मुलीची शाळा त्या दिवशी बंद, आणि मूल शेजारणीकडे. ही गरज नाही तर गरज कशाला म्हणायचं? मी एजन्सीतर्फे काम करते, भरलेल्या तासांचे पैसे मिळतात. बर्फामुळे पोचता आलं नाही तर पगार द्यायला या देशात मालक सहसा बांधील नसतो. म्हणजे माझे साडेतीन तासांचे पैसे गेले ते गेलेच. अठ्ठावीस दिवसांत वापरायच्या आठ दिवसांच्या फ्लेक्सी पासातला एक दिवसही गेला.

बदललेलं वेळापत्रक आदल्या रात्री दहाच्या आत टाकलं की उशीर त्याच वेळापत्रकावर मोजायचा, हा तुमचा नियम मी वाचलाय. 9:40 ला टाकलंत, म्हणजे दहाच्या आत. पण पहाटेच्या गाडीने जाणारी माणसं त्या वेळी झोपलेली असतात. नर्स, सफाईवाले, स्वयंपाकघरात काम करणारे. माझा फोन नंबर तुमच्याकडे आहे, सवलतींचे संदेश त्यावर नेमाने येतात. ‘तुमची 6:42 उद्या नाही’ एवढा एक संदेश का आला नाही?

1991 च्या फेब्रुवारीत ब्रिटिश रेलच्या गाड्यांच्या मोटारींत भुसभुशीत बर्फ शिरला आणि ‘चुकीच्या जातीचा बर्फ’ हे शब्द कायमचे रेल्वेला चिकटले. 2018 च्या मार्चमध्ये लंडनमधल्या लुईशमजवळ गाड्या तासन्‌तास अडकल्या, वैतागून लोक रुळांवर उतरले, आणि त्यांचा जीव वाचवायला वीजच बंद करावी लागली. तिसरा रूळ कसा राखायचा ते या धंद्यात सगळ्यांना माहीत आहे. द्रव फवारणाऱ्या गाड्या आहेत, रुळाला तापवणाऱ्या पट्ट्या आहेत, रात्रभर रिकाम्या गाड्या फिरवून रूळ मोकळा ठेवता येतो. त्या रात्री यातलं काय केलंत ते मला लेखी कळवा. तीन पत्रांत तेच विचारलं होतं. उत्तर एकातही नाही.

मला पुढील गोष्टी हव्या आहेत. 7:12 प्रमाणे तीन तासांच्या उशिराची भरपाई. दोन तासांवर उशीर झाला की जाण्या-येण्याचं पूर्ण भाडं, हे तुमच्याच तक्त्यात आहे. माझ्या खात्यावर दुबार दाव्याची किंवा फसवणुकीची कसलीही खूण केली असेल तर ती काढून टाकल्याचं पत्र. आणि ‘तुम्ही लवकर आला होतात’ या वाक्याबद्दल माफी, व्यवस्थापकाच्या सहीने. यातलं काही जमणार नसेल तर तसं स्पष्ट ‘डेडलॉक’ पत्र, म्हणजे यापुढे आम्ही काही करणार नाही असं सांगणारं पत्र, द्या. ते घेऊन मी रेल ओम्बुड्समनकडे, म्हणजे प्रवाशांच्या तक्रारींचा निवाडा करणाऱ्या स्वतंत्र संस्थेकडे, जाईन. ग्राहक हक्क कायदा 2015 रेल्वेलाही लागू आहे, आणि सेवा वाजवी काळजीने द्यावी असं त्यात लिहिलंय. आमच्या भागाच्या खासदारांनाही या पत्राची प्रत जाईल.

सहा वर्षं मी तुमच्या गाडीने जाते आहे. भावाने गाडी घ्यायला पैसे देऊ केले होते, तेव्हा ‘ट्रेन आहे ना’ म्हणून मीच नको म्हटलं. आता त्याला पुन्हा विचारणार आहे.

फोन करू नका. उत्तर लेखी द्या. आणि 6:31 ची ती नोंद आधी काढून बघा.

6:42 च्या गाडीची प्रवासी