मास्टवरच्या त्या दुपारसाठी आभार

चार दिवस आमच्या जहाजाचा जीपीएस मधूनच आंधळा व्हायचा. ब्रिजवर (जहाज चालवायच्या खोलीत) अलार्म, ईसीडीआयएसवर (इलेक्ट्रॉनिक नकाशावर) पोझिशन गायब, एआयएसची (आपली ओळख नि जागा इतर जहाजांना कळवणाऱ्या यंत्रणेची) तक्रार वेगळीच, आणि थोड्या वेळाने जणू काही झालंच नाही! मी मुकाट्याने रिसीव्हरला शिव्या घालत होतो.

सॅटेलाइट फोनवर भेटलेल्या सर्व्हिस इंजिनिअर साहेबांनी पहिलाच प्रश्न केला, "पाऊस पडला की होतं का?" होतंच की! मग म्हणाले, रिसीव्हर राहू दे, अँटेनापासून रिसीव्हरपर्यंतच्या केबलची दोन्ही टोकं सोड आणि मधली तार व जाळी यांच्यातला रोध मोज. मीटरवर अनंत दिसायला हवं होतं. दिसले काही किलोओहम. याच केबलमधून अँटेनातल्या प्रवर्धकाला (सिग्नल वाढवणाऱ्या अॅम्प्लिफायरला) डीसी वीज जाते, तीच गळत होती. तुमचं नाव विचारायचं राहिलं, साहेब.

रडार बंद ठेवून, परमिट घेऊन माझ्यासोबत मास्टवर, म्हणजे अँटेना असलेल्या उंच खांबावर, चढलेल्या बोसनचेही (डेकवरच्या खलाशांच्या मुकादमाचेही) आभार. केबलचा कनेक्टर उघडला तर आत गंजून हिरवंगार झालेलं तांबं. त्याआधी जीपीएस गेला की सेकंड ऑफिसर रडारवरून आणि बेअरिंग (खुणांच्या दिशा) घेऊन चार्टवर पोझिशन टाकत होते, एकदाही कुरकुर न करता.

आणि आधीच्या कोणा ईटीओने (जहाजावरच्या इलेक्ट्रो-टेक्निकल ऑफिसरने) स्टोअरमध्ये नवा कनेक्टर, सेल्फ-फ्यूजिंग (स्वतःलाच चिकटून पाणी रोखणाऱ्या) टेपचं रीळ आणि चिठ्ठी ठेवली होती: 'टेप ताणून, खालून वर गुंडाळ.' तशीच गुंडाळली. काल रात्रभर पाऊस होता. अलार्म वाजला नाही.