जर्मनची फी भरण्याआधी

मा. संपादक,
स. न.

जर्मनीत परिचारिकांना आणि तंत्रज्ञांना मागणी असल्याच्या बातम्या येऊ लागल्यापासून ‘तीन महिन्यांत जर्मन’ अशा जाहिरातींचे पेव फुटले आहे. फी भरण्याआधी इंटरनेटवर विनामूल्य काय मिळते ते पाहून घ्यावे, म्हणून हे पत्र.

सुरुवात ग्योथे इन्स्टिट्यूटच्या, म्हणजे आपल्या मॅक्सम्युलर भवनाच्या, संकेतस्थळापासून करावी. तिथे परीक्षांच्या शब्दसूच्या मिळतात: ए-१ या पहिल्या पातळीसाठी सुमारे ६५० शब्द, बी-१ या तिसऱ्या पातळीसाठी सुमारे २४००. शिवाय ध्वनिफितींसह नमुना प्रश्नपत्रिकाही आहेत. ए-१च्या श्रवणातला दुसरा भाग एकदाच ऐकवतात. घरी फोनवर मागे-मागे नेऊन ऐकायची सवय लागलेली मुले नेमकी तिथेच अडकतात. नमुना परीक्षा घड्याळ लावून, मध्ये न थांबता सोडवावी.

धड्यांसाठी डॉइच वेले या जर्मन प्रसारण संस्थेचा ‘निकोस वेग’ हा ए-१ ते बी-१चा व्हिडिओ अभ्यासक्रम उत्तम आहे. मात्र नुसता बघून उपयोग नाही. आधी मजकुराशिवाय ऐकावे, स्वाध्याय सोडवावेत, मग संवाद मोठ्याने वाचावा. याच संस्थेच्या संथ वाचलेल्या बातम्या बी-१ झाल्यावरच घ्याव्यात, आधी घेतल्या तर हिरमोड होतो. लेखन तपासून घ्यायचे तर ‘फाउहाएस लर्नपोर्टल’ हे जर्मनीतल्या प्रौढशिक्षण केंद्रांचे संकेतस्थळ पाहावे. तेही विनामूल्य असून तिथे शिक्षक काही उत्तरे तपासून देतात. पर्याय निवडायला लावणाऱ्या खेळवजा ॲपमध्ये हे होत नाही. शब्द ओळखू येतो, पण ए-१च्या परीक्षेत तीसेक शब्दांचा निरोप लिहायची वेळ आली की हात थांबतो.

शब्द पाठ करताना लिंगदर्शक उपपद आणि अनेकवचन सोबतच घ्यावे: नुसते ‘टिश’ (टेबल) नव्हे, ‘डेर टिश, डी टिशं’. मराठीलाही तीन लिंगे असल्याने कल्पना परकी वाटत नाही, पण लिंगे जुळतील असे धरून चालू नये. आपला सूर्य पुल्लिंगी, त्यांचा स्त्रीलिंगी. उलट वाक्यरचनेत मराठीचा फायदा आहे आणि इंग्रजीतून शिकवणारे वर्ग तो वाया घालवतात. ‘वाइल एअर क्रांक इस्ट’ म्हणजे ‘कारण तो आजारी आहे’. शब्दांचा क्रम जसाच्या तसा. इंग्रजीच्या वळणाने जाणारे विद्यार्थी मात्र ‘इस्ट’ आधी आणून चुकतात.

एक कळकळीची विनंती: वहीत उच्चार देवनागरीत लिहू नयेत. वर मी लिहिले ते केवळ वृत्तपत्राच्या सोयीसाठी. ‘मी’ या अर्थाच्या जर्मन शब्दातला शेवटचा ध्वनी धड ‘श’ही नाही आणि ‘ख’ही नाही, ओठांचा चंबू करून काढायच्या दोन स्वरांना तर आपल्याकडे अक्षरच नाही. ‘फोरवो’ या उच्चारांच्या संकेतस्थळावर जर्मन माणसांनी उच्चारलेले शब्द ऐकता येतात. ते ऐकून आपला आवाज ध्वनिमुद्रित करावा आणि दोन्ही लागोपाठ लावून पाहावेत.

– जर्मनची एक शिक्षिका, पुणे